तीन मंगळवार

चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली की माणसाचं नाक मरतं, असं लोकांना वाटतं. उलट आहे. नाक तयार होतं. फिनेल, रक्त, पू, जुनं बँडेज, सगळं वेगवेगळं कळतं. आणि मांस आतून सडायला लागलं की जो गोडसर, घशाला चिकटणारा वास येतो, तो खोलीतल्या दहा माणसांपैकी कुणाचा आहे तेही मी सांगू शकते. मिरवावी अशी ही विद्या नव्हे. पण माझ्याकडे ती होती, आणि ती असूनही मी जे केलं त्याची मला अजून किळस येते, म्हणून हे सांगते आहे.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घरी मुलगा आणि सून. सून घरूनच काम करायची, त्यामुळे मी साधं पातेलं खाली ठेवलं तरी आतून "आई, मीटिंग चालू आहे" असा आवाज यायचा. वॉर्डात जिच्या एका हाकेला चार जण धावायचे ती बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखी वावरत होती. त्यामुळे एका संस्थेला म्हाताऱ्यांच्या आरोग्यशिक्षणासाठी अनुभवी नर्स हवी आहे असं कळलं, तशी मी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे घालून त्यांच्या दारात हजर झाले.

कार्यक्रमाचं नाव 'आनंदी संध्याकाळ' आणि तो भरायचा सकाळी दहाला. वाचनालयाच्या वरचा हॉल, दर मंगळवारी दोन तास, असे बारा आठवडे. चोवीस म्हातारी माणसं. म्हातारी म्हटलेलं तिथे चालायचं नाही, 'ज्येष्ठ मित्र' म्हणायचं. हे सगळं चालवणाऱ्या मॅडम पंचेचाळिशीच्या असतील. माइकवर प्रत्येक शब्द सुटा करून बोलायच्या, समोर बालवाडी बसली असल्यागत. "आजी-आजोबा, आज आपण पा-णी किती प्यायचं ते शिकणार आहोत. टाळ्या!" आणि ज्यांनी जन्मभर घरं चालवली, कारखाने चालवले, आपली माणसं पोचवली, ते लोक पाणी पिण्यासाठी टाळ्या वाजवायचे. मला पहिल्याच दिवशी मळमळलं. तरी पुढच्या मंगळवारी मी वेळेआधी पंधरा मिनिटं हजर होते, हेही सांगायला हवं.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचा एक अर्ज भरून घ्यायचा होता. जीवनमानाचा. चाळीस प्रश्न, आणि त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं ठरलेली: कधीच नाही, कधीतरी, बरेचदा, नेहमी. बारा जण माझ्या वाट्याला आले. बारा आठवडे संपल्यावर हाच अर्ज पुन्हा भरायचा, आणि दोन्हींतल्या फरकाला मॅडम 'परिणाम' म्हणायच्या. "ताई, मधेच कुणी गळलं ना, की आपला परिणाम पडतो," त्यांनी मला बजावलं. "कसंही करून चोवीसच्या चोवीस शेवटपर्यंत न्यायचे." इतक्या कळकळीने त्या दुसऱ्या कशाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

माझ्या बारांत एक कंडक्टर होते. सदतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली. वय सत्त्याहत्तर, साखर वीस वर्षांची, बायको जाऊन चार वर्षं झालेली. हॉलच्या दारात कुणी गप्पा मारत उभं राहिलं की मागून आवाज यायचा, "पुढे सरका, आत जागा आहे!" 'एकटं वाटतं का' या प्रश्नावर ते मला म्हणाले, "साठ-साठ माणसांच्या गर्दीत जन्म गेला, सिस्टर. आता कुठे एकटं राहायला मिळतंय. ते तुम्ही रोग म्हणून लिहू नका."

मला हा माणूस आवडला. सरळ सांगते.

त्यांची एक मुलगी होती. वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं, पण ती चांगली होती. वर्षापूर्वी साखर उतरून ते दारातच पडले होते, तेव्हापासून बापाने एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, असा तिने धोशा लावला होता. तिच्या घरी त्यांची जागाही ठरली होती: बंद करून घेतलेल्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनला लागून. "मशीन फिरायला लागलं की माझा पलंग सुटला म्हणायचा डेपोतून," असं म्हणायचे, पण हसायचे नाहीत. शेवटी बापलेकीत करार झाला. या कार्यक्रमाचे बाराही आठवडे, एकही न चुकवता, पूर्ण करायचे. शेवटी मॅडम लेखी देणार की हे गृहस्थ स्वतःची काळजी घ्यायला समर्थ आहेत. तो कागद मिळाला तर ते आपल्या खोलीत राहणार आणि मुलगी पुन्हा विषय काढणार नाही. नाही मिळाला तर महिनाअखेर खोली रिकामी करायची. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी बापलेकीचा फोटो काढून हॉलच्या भिंतीवर लावला.

सहाव्या मंगळवारी पायांची काळजी हा विषय होता. साखरेच्या माणसाच्या पायाला टोचलेलं-कापलेलं कळत नाही, म्हणून रोज तळवे बघायचे, बोटांच्या मधे बघायचं, आणि काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मी मॅडमना म्हटलं, सगळ्यांना बूट-मोजे काढू द्या, मी एकेकाचे पाय बघते, तासाभराचं तर काम आहे. मॅडमनी नाक मुरडलं. "ताई, नको. नखं, भेगा, ते सगळं... लोकांना अवघडल्यासारखं होतं. आणि फोटोत कसं दिसेल?" त्यांनी एक प्लॅस्टिकचा पाय मागवला होता. गुलाबी, गुळगुळीत, तळव्याला एक लाल ठिपका रंगवलेला. तो हातोहात फिरला. चोवीस जणांनी ठिपका शोधून दाखवला आणि चोवीस वेळा टाळ्या झाल्या. मग प्रत्येकाला तळवा बघायला एक लांब दांडीचा आरसा आणि रोज खूण करायला एक तक्ता मिळाला. हॉलमध्ये अठ्ठेचाळीस खरे पाय होते, त्यांतला एकही उघडा झाला नाही. मी आणखी जोर धरायला हवा होता. पण कुणी नाक मुरडलं की मला घरची ती मीटिंग आठवायची, आणि मी गप्प बसायची.

वास आला नवव्या मंगळवारी.

तिसऱ्या ओळीत शिवणाच्या बाई बसायच्या. ऐंशीच्या पुढे वय, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेले. त्यांना लघवी धरवत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते कानात सांगितलं होतं. पिशवीत बदलायचे कपडे असायचे, आणि इतकी स्वच्छ बाई की कुणाला कधी पत्ता लागला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या बाई नाकाला रुमाल लावून उठल्या. मग मागची एक उठली. कुजबुज सुरू झाली आणि सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीवर गेल्या. कशी कोण जाणे, पण पिशवीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती तर. मॅडमनी पर्समधून सुगंधी फवारा काढला आणि हसतमुखाने शिवणाच्या बाईंच्या चहूबाजूंनी मारला. "आजी, तुम्ही जरा दाराजवळ बसा हं. तिथे छान वारा येतो."

बाई उठल्या. खुर्ची स्वतःच ओढत दाराशी नेली. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

लघवीच्या वासात आणि सडक्या मांसाच्या वासात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला तो हॉलमध्ये पाऊल टाकल्याबरोबर कळला होता. माझ्या डोळ्यांदेखत चोर सोडून संन्याशाला फाशी चाललं होतं आणि मी हातात रक्तदाबाचं यंत्र घेऊन उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते न बोलता मी ओळींमधून एकेकाचा रक्तदाब बघत, वाकत पुढे सरकत गेले. दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या खुर्चीशी थांबले. कंडक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि उजवा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.

वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावर एकच खोली, एका बाजूला ओटा. पलंगाची चादर ताणून घातलेली. खिडकीतून समोरचा बसथांबा दिसायचा, आणि बस आली की ते बोलता बोलता घड्याळ बघायचे. भिंतीवर कार्यक्रमाचा तक्ता होता. 'आज पाय बघितले.' रोजची खूण होती, एक दिवस सुटला नव्हता.

"मोजा काढा," मी म्हटलं.

"चहा टाकतो आधी, सिस्टर."

"मोजा काढा, कंडक्टर."

मोजा जखमेला चिकटला होता, पाणी लावून सोडवावा लागला. तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, नाण्याएवढं भोक. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, आत हिरवट-करडं काहीतरी. दाबल्यावर जे आलं ते इथे सांगत नाही. खोलीभर वास झाला, आणि चौतीस वर्षांत पेशंटसमोर जे कधी केलं नव्हतं ते मी केलं: तोंड फिरवलं. करंगळी निळसर पडायला लागली होती.

"कधीपासून?"

"सातव्या आठवड्यापासून. बुटात खडा गेला होता. दिवसभर त्याच्यावर चाललो, पत्ताच नाही. संध्याकाळी बूट झटकला तेव्हा पडला." त्यांनी तक्त्याकडे बोट केलं. "आरशात त्याच दिवशी दिसलं. रोज बघतोय. शिकवलं तसं."

म्हणजे हा माणूस शिकला होता. चोवीस जणांत सगळ्यांत नीट हाच शिकला होता. रोज आरसा धरायचा, रोज भोक मोठं होताना बघायचा, प्रामाणिकपणे खूण करायचा आणि वर मोजा चढवायचा. माझ्या तोंडात शिव्या आल्या. कुणाला द्यायच्या ते कळेना.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो की ॲडमिट करणार. एक मंगळवार चुकला की कागद गेला. मग ती गॅलरी." ते खुर्चीच्या टोकाशी आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर. तीन मंगळवार राहिलेत. फक्त तीन. कागद हातात पडला की तिथूनच तुमच्याबरोबर दवाखान्यात येतो."

"अहो, स्वतःची काळजी घेता येते हे दाखवायला तुम्ही पाय सडवताय!"

"ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पोरीला कळलं तर आजच सामान बांधेल. ती वाईट नाही हो. पण तिच्या घरी मी दिवसभर पाय वर घेऊन बसायचं, कुणाच्या मधे येऊ नये म्हणून. इथे मी खिडकी उघडतो, तेव्हा ती माझी खिडकी असते."

अशा वेळी काय करायचं हे वॉर्डातल्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. मुलीला फोन, आणि तासाभरात दवाखाना. मी म्हटलं, "रोज येऊन ड्रेसिंग करीन मी."

कीव आली म्हणून? आली होती. पण तेवढ्यावर सुटका करून घेणार नाही. मला परत काम मिळालं होतं. मी ओळखीच्या केमिस्टाकडून गोळ्या आणल्या, चिमटे उकळले, हातमोजे चढवले. घरात ज्या बाईला पातेलं ठेवायची चोरी, तिची इथे कुणीतरी अकरा वाजता वाट बघत बसायचं. "काय म्हणतोय पाय, सिस्टर?" ते विचारायचे आणि मी डॉक्टरच्या थाटात "बघू" म्हणायची. चार दिवसांनी कडा जरा लाल दिसल्या, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एका माणसाचा पाय मी माझा वेळ चांगला जावा म्हणून वापरला. याहून सौम्य शब्दांत ते मला सांगता येत नाही.

दहाव्या मंगळवारी शिवणाच्या बाई आल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, ताई, फोन करा, एक गळतोय. मी फोन केला.

"माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो गं," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी दोनदा अंग धुऊन आले होते. तरी कसा आला असेल?"

तो वास तुमचा नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कुणाचा. मी म्हटलं, "बरं. तब्येत सांभाळा." फोन ठेवून मी बेसिनशी गेले आणि कितीतरी वेळ हात धुतले. मॅडमनी त्यांच्या नावासमोर 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं. हॉलमध्ये थोडा वास होताच. तेव्हा त्या खुर्चीतच तो मुरला आहे असं सगळ्यांचं एकमत झालं आणि खुर्ची बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन उलटी ठेवली. ते करताना दोघे-चौघे हसले. कंडक्टर हसले नाहीत, पण तेही काही बोलले नाहीत.

अकराव्या मंगळवारी ते काठी घेऊन आले. अंगात ताप होता. पाऊल सुजून बूट बसेना, म्हणून त्यांनी बुटाची टाच मागून कापली होती आणि वर पँट लांब सोडली होती. मॅडमनी विचारलं, "आजोबा, आज काठी?"

"रुबाबासाठी!"

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचा मला इतका संताप आला की मी हॉलबाहेर जाऊन उभी राहिले.

घरी पट्टी सोडली तर करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोट त्या वाटेवर होतं. मी म्हटलं, "बास झालं. उद्या सकाळी दवाखाना."

"एकच राहिलाय, सिस्टर."

"पाय जाईल."

"पाय गेला तर एका पायाने माझ्या खोलीत राहीन. कागद गेला तर दोन्ही पायांनी गॅलरीत."

मी ओरडले. हट्टी म्हटलं, मूर्ख म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "झालं? मग करा ड्रेसिंग." आणि मी केलं. कारण आता नुसती त्यांची खोली पणाला नव्हती. गोष्ट उघडी पडली तर गेले दोन आठवडे मी काय करत होते, हेही उघडं पडणार होतं. चौतीस वर्षं डाग नसलेली सिस्टर, केमिस्टाच्या गोळ्यांवर सडलेला पाय झाकते आहे. ते काळं बोट माझ्या मांडीवर होतं आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. मूग गिळून मी पट्टी बांधली, नेहमीपेक्षा जास्त नीट.

बाराव्या मंगळवारी समारंभ होता. पाहुणे म्हणून एक बडी असामी आली होती. स्टेजवर फुलं, फलक, भिंतीवर प्लॅस्टिकच्या पायाचा फोटो. मुलगी सुट्टी काढून पहिल्या रांगेत बसली होती. कंडक्टरांचं नाव शेवटी ठेवलं होतं, कारण ते मॅडमचं खास उदाहरण. ते तीन पायऱ्या चढून वर गेले. त्यांना थंडी वाजत होती हे मला मागच्या भिंतीपासून दिसलं. मॅडमनी कागद वाचला, "स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्यास पूर्णपणे समर्थ." कंडक्टरांनी तो घेतला, मुलीकडे वळून उंच धरला, आणि तसेच उभे राहिले. उतरता येईना. तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि कपाळावरून घाम गळत होता.

मी धावले. पाहुण्यांना खुर्चीवरून उठवलं आणि कंडक्टरांना तिथे बसवलं. बूट ओढला, त्याच्याबरोबर पट्टीही सुटून आली. वास पहिल्या रांगेत पोचला, मग दुसऱ्या. पाहुणे तोंडावर हात धरून मागे सरकले. तीन बोटं काळी होती आणि लाल रेघ घोट्यावरून वर चढली होती.

"ताई, इथे नको!" मॅडम दातांतल्या दातांत म्हणाल्या. "निदान पडद्यामागे तरी! फोटो चाललेत." आणि त्यांनी तो फवारा काढला. सवयीने. त्या सडक्या पायावर त्यांनी गुलाबाचा वास मारला.

मी त्यांच्या हातातून तो हिसकावून खिडकीबाहेर भिरकावला. एवढी एकच गोष्ट मी त्या हॉलमध्ये मनापासून केली. मुलगी वर आली, गुडघ्यांवर बसली, पायाकडे बघितलं आणि "बाबा" एवढंच म्हणाली. ते तिला म्हणाले, "कागद जपून ठेव. चुरगळेल."

त्याच दिवशी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. दोन दिवस जिवाची शाश्वती नव्हती. मग ताप उतरला. मुलगी दवाखान्यात भेटेल त्याला सांगायची, "या सिस्टर होत्या म्हणून. सगळ्यांसमोर बूट काढायला कुणाची हिंमत झाली असती?" माझे हात हातात घेऊन रडली. मी तिला रडू दिलं. मॅडमनी अहवालात लिहिलं की कार्यक्रमाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यामुळे एका ज्येष्ठ मित्राचा गंभीर आजार वेळीच लक्षात आला. वेळीच! तो कागद त्यांनी मला कौतुकाने वाचायला दिला आणि मी तो वाचून परत दिला. त्या लिहिणाऱ्या आणि मी गप्प बसणारी, यांत जास्त ओंगळ कोण हे मला ठरवता आलं नाही.

दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. "ताई, तेवीसपैकी बावीस अर्ज आले. तुमच्या कंडक्टर आजोबांचा तेवढा राहिलाय. दवाखान्यातच भरून घ्या ना."

मी अर्ज घेऊन गेले. नाही म्हणता आलं असतं. पण मला त्यांना बघायचं होतं, आणि हातात काहीतरी काम असल्याशिवाय मला कुठे जाता येत नाही.

कंडक्टर उशीला टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट होती. शेजारी मुलगी सफरचंद चिरत होती. "बरं झालं आलात," ती म्हणाली आणि माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. "कालच खोली रिकामी केली. मशीन मी न्हाणीघरात हलवून घेतलं, सिस्टर. आता गॅलरी पूर्ण त्यांची." कंडक्टर समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"हा काय कागद?" त्यांनी विचारलं.

"तोच. चाळीस प्रश्न. कंटाळा आला असेल तर..."

"विचारा, विचारा. बारा आठवडे पूर्ण केलेत, अर्धवट कशाला सोडायचं?"

मी वाचायला लागले. चालताना त्रास होतो का? ते म्हणाले, "चालतोय कुठे? 'कधीच नाही' लिहा." पायाला मुंग्या येतात का? "एकाचं सांगू की दोन्हींचं?" मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय," आणि डोळे पुसले. मी खुणा करत गेले. पहिल्या अर्जाशी ताडून बघितलं असतं तर परिणाम चढताच दिसला असता. पेन चालत होतं.

"एकोणचाळिसावा. आरोग्याची तक्रार लक्षात आल्यावर तुम्ही ती कुणाला सांगितली? कुणालाच नाही, शेजाऱ्यांना, घरच्यांना, आरोग्यसेवकाला." शेवटच्या उत्तराला सगळ्यांत जास्त गुण होते.

"तुम्हाला सांगितली की," ते म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती, खरं उत्तर द्यायचं म्हणून देत होते. "नवव्या आठवड्यात. खोलीवर आला होतात तेव्हा."

मुलीची सुरी थांबली.

"नवव्या?" तिने विचारलं. त्यांना नाही, मला.

आता कंडक्टरांच्या लक्षात आलं. "अगं, तसं नाही. मीच त्यांना गळ घातली. मीच म्हटलं..."

"हो," मी म्हटलं. "मला माहीत होतं. तीन आठवडे. ड्रेसिंग मीच करत होते."

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्यासाठी बशीत काढलेल्या फोडी तिने उचलल्या आणि एकेक करून बापाच्या हातात दिल्या.

"तुमचा अर्ज पुरा करा," ती म्हणाली. "आणि मग पुन्हा येऊ नका."

मी 'आरोग्यसेवकाला' समोरच्या चौकटीत खूण केली.